जुने कपडे फाडायचं मशीन घेऊ का? आधी छाटणीचं टेबल घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत बायकांचा ग्रुप आहे, दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या टॉवरमधून मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास जुने कपडे जमलेत आणि ते आता क्लब हाऊसच्या मागच्या खोलीत पडलेत. कुणीतरी व्हिडिओ दाखवला की कपडे फाडून त्याचा परत कापूस करायचं मशीन मिळतं, कोटेशन मागवलं तर नऊ लाखांचं आलं. तर मशीन घ्यावं का, त्यातून सूत काढून नवीन कापड विणता येईल का, पॉलिएस्टरच्या कपड्यांचं काय करायचं, आणि एका ताईंनी सगळ्यात शेवटी हळूच विचारलंय की आमच्या आजीचे दोन जरीचे शालू पण त्या ढिगात आलेत, ते पण फाडायचे का.

शालूंचं शेवटी सांगतो. मशीनचं आत्ताच सांगतो, घेऊ नका. निदान या वर्षी तरी नको.

मी टेक्सटाइलचा डिप्लोमावाला, आधी भिवंडीत लूमवर, मग चार वर्षं पानिपतला आणि आता वीसेक वर्षं रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा आहे. पानिपतला नोकरीसाठी निघालो तेव्हा आई म्हणाली होती, मराठी माणसाला जायला दुसरं गाव नाही मिळालं का तुला. पण जुन्या कपड्यांचं काम शिकायचं तर तेच गाव, तिथे हे काम मी जायच्या कित्येक वर्षं आधीपासून चालतं.

तर पहिलं म्हणजे मशीन करतं काय ते समजून घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. लहानपणी दारावर पिंजारी यायचा आठवतंय का, धनुकली घेऊन, गादीतला दबलेला कापूस टंग टंग करत मोकळा करायचा? तिथे कापूस मुळात सुटाच असतो, फक्त दबलेला. आपल्याकडे कापड आहे, म्हणजे तंतूला पीळ देऊन धागा केलाय, धाग्याला धाग्यात अडकवून कापड केलंय, हे सगळं उलटं करायचं तर आधी फाडावं लागतं. म्हणून कपड्याचे तुकडे करून ते खिळ्यांच्या रोलरखाली घालतात, रोलर गरागरा फिरतो, कापड ओरबाडलं जातं, एका रोलरने काम होत नाही म्हणून पुढे दुसरा तिसरा, प्रत्येकाचे खिळे आधीच्यापेक्षा बारीक, आणि शेवटाला कापसासारखं मऊ काहीतरी बाहेर येतं. व्हिडिओत इथपर्यंतच दाखवतात, कारण दिसायला ते फार छान दिसतं.

पण या ओरबाडण्यात तंतू तुटतो. चांगल्या नव्या कापसाचा तंतू २८-३० मिलिमीटर लांब असतो, तुमच्या मशीनमधून जे निघेल त्यातला बराचसा त्याच्या निम्म्यावर आलेला असतो आणि काही तर नुसती धूळच. सूत टिकतं ते तंतू एकमेकांना धरून राहतात म्हणून, आखूड तंतूला धरायला काही नसतं, पीळ द्यायला गेलं की सुटतो. त्यामुळे अशा मालात नवा कापूस नाहीतर पॉलिएस्टर मिसळावंच लागतं, आणि कातायचं पण ओपन एंड पद्धतीने, त्याचं सूत जाड निघतं. जाड सुतात पायपुसणी, सतरंजी, चादर, पडद्याचं कापड, फार तर जाडसर जीन्स होते. तुमच्या अंगावरच्या तलम कुर्त्याचा परत तलम कुर्ता होत नाही हो. आणि हे फक्त फाडण्यापुरतं झालं, पुढे कार्डिंग म्हणजे तंतू विंचरणं, मग कताई, विणाई, हे प्रत्येक वेगळं मशीन आणि वेगळी माणसं, नऊ लाखांच्या कोटेशनमध्ये त्यातलं काहीच नाही. म्हणजे नऊ लाख घालून तुमच्या हातात येणार गादीत भरायचा माल, आणि तो गादीवाले घेणार कतरणीपासून, म्हणजे शिलाईत उरलेल्या तुकड्यांपासून, निघालेल्या मालाच्या भावात, त्यांना तो आधीच कुठून कुठून मिळतोय.

कपड्याचे परत कपडे किती होतात म्हणाल तर एलन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ साली जगभराचा हिशोब मांडला होता, कपड्यांसाठी जो माल लागतो त्यातला एक टक्क्याहून कमी माल परत कपड्यात येतो. आणि आपल्या देशात दरवर्षी साधारण ७८ लाख टन कापडाचा कचरा निघतो असं फॅशन फॉर गुड या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात आहे, त्यातला निम्मा आपल्यासारख्यांच्या घरातून निघालेला. पण आपल्याकडे सगळंच वाया जातं असंही नाही, बोहारीण, भंगारवाला, मग छाटणीवाले, मग पानिपत अशी साखळी आहे आणि त्यातला मोठा भाग कुठे ना कुठे वापरात जातो. तुम्ही या साखळीच्या बाहेर काही नवीन उभं करत नाही आहात, साखळीतच एक कडी जोडताय, तर मग कुठली जोडायची हा खरा प्रश्न आहे.

पानिपतचं थोडं सांगतो, यातून शिकण्यासारखं आहे. तिथलं जुनी लोकर फाडून परत सूत काढायचं काम मूळ इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं, बॅटली नावाच्या गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या फाडून, त्यात नवी लोकर मिसळून कापड केलं, त्याला शॉडी म्हणायचे. आज इंग्रजीत शॉडी म्हणजे फालतू, कामचलाऊ, तो अर्थ या कापडावरूनच आला. पानिपतवाले पण शॉडीच म्हणतात, पण अभिमानाने. थंड देशांतले जुने कोट-स्वेटर कांडला बंदरातून तिथे येतात, आपल्याकडे ते परत घालायला विकले जाऊ नयेत म्हणून कापून, चिरून आणायचा नियम आहे. आणि मग तिथे सुरू होते छाटणी, आणि तिची खरी गंमत रंगात आहे. लाल सगळे एकीकडे, त्यातही मरून वेगळा, विटकरी वेगळा, हिरव्याचे तर मला वाटायचं आठ-दहा ढीग असतील. कारण रंगाप्रमाणे छाटलं की जे सूत निघतं ते मुळातच त्या रंगाचं असतं, परत रंगवावं लागत नाही, म्हणजे पाणी वाचलं, रंग वाचला, जळण वाचलं. तिथला सगळा फायदा छाटणाऱ्या बाईच्या डोळ्यात आहे, रोलर काय, पैसे टाकले की कुणीही घेतं. भूकंप-पूर आला की वाटतात ती करडी-तपकिरी घोंगडी अशीच तयार व्हायची. नंतर नव्या पॉलिएस्टरची मऊ, हलकी ब्लँकेटं स्वस्त झाली आणि शॉडीचं घोंगडं मागे पडलं, मी तिथे होतो तेव्हाच लोक सुती कतरणीकडे वळायला लागले होते. म्हणजे इतकी वर्षं मुरलेल्या लोकांनाही बाजाराने वळायला लावलं, तुमचं तर पहिलंच मशीन असेल.

अजून एक, हे व्हिडिओत कोणीच सांगत नाही. आग. माझ्या गाळ्यात सहाव्या वर्षी लागली होती. जीन्सच्या खिशाला तांब्यासारखी बारीक बटणं असतात ना, त्यातलं एक कापताना राहून गेलं, रोलरच्या खिळ्यावर आपटलं, ठिणगी उडाली आणि हवेत जो कापसाचा फुफाटा असतो तो भसकन पेटला. माणसं बाहेर होती, चहाची वेळ होती, म्हणून निभावलं, माल आणि अर्धं छत गेलं. चूक माझीच, घाईत माल पुढे ढकलला होता. तेव्हापासून चेन, हुक, बटण, रिव्हेट हातांनी काढल्याशिवाय आणि वर चुंबक फिरवल्याशिवाय एक तुकडा आत जात नाही, पितळ चुंबकाला लागत नाही म्हणून हात फिरवणं आलंच. हे मशीन सोसायटीच्या क्लब हाऊसमागे, वर माणसं राहतात अशा ठिकाणी लावायचा विचारसुद्धा करू नका. धुळीचं तर बोलतच नाही, खोकून खोकून जीव जातो.

आता तुमच्या साडेतीनशे किलोकडे येऊ. न बघताही सांगू शकतो त्यात काय असेल, कारण घोडबंदर काय, नौपाडा काय, वाशी-नेरूळ काय, सगळीकडचा ढीग थोड्याफार फरकाने सारखाच. अर्ध्याच्या आसपास अजून घालण्याजोगं असेल, लहान मुलांचे एक-दोनदा घातलेले फ्रॉक, लग्नातले शेरवानी-लेहंगे, वजन वाढलं म्हणून बाजूला ठेवलेल्या पँटी. हे फाडायला घातलं तर तुम्ही महागाची वस्तू स्वस्तातली करताय. आमच्यात एक साधा हिशोब आहे, कपडा जितका कमी तोडाल तितकी त्याची किंमत जास्त उरते. घालता येतंय तर घालू द्या, नाही तर कापून त्याचं दुसरं काही शिवा, ते पण नाही तर पुसायला, आणि अगदीच काही नाही तर फाडायला. आपल्या आज्या नऊवारी लुगड्याची गोधडी करायच्या, धावदोरा घालून, त्यात तंतूला धक्का लागत नव्हता, कापड तेच, फक्त थर वाढले. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर गोधडीपुढे माझं मशीन काहीच नाही, खरं सांगतो.

उरलेल्या अर्ध्यात ओळखायचं काय तर कापड कशाचं आहे. लेबलवर अजिबात विसंबू नका, स्टेशनबाहेर प्युअर कॉटन म्हणून मिळणारा कुर्ता निम्म्याच्या वर पॉलिएस्टर निघतो, आणि अर्ध्या कपड्यांचं लेबल टोचतं म्हणून कापूनच टाकलेलं असतं. जाळून बघणं सगळ्यात सोपं. शिवणीच्या आतून चार धागे ओढा, पीळ द्या, चिमट्यात धरा, सिंकवर स्टीलच्या वाटीवर मेणबत्तीने पेटवा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि चिमटीत धरली की विरून जाणारी करडी राख. लोकर-रेशीम असेल तर केस जळल्याचा वास, हा एकदा घेतला की विसरत नाही. पॉलिएस्टर आधी आकसतं, वितळतं, काळा धूर निघतो आणि टोकाला कडक मणी राहतो. राख पण आणि मणी पण असेल तर समजा टेरीकॉट, म्हणजे सुती आणि पॉलिएस्टर मिक्स. वितळलेला थेंब हातावर पडू देऊ नका, चिकटतो आणि साल घेऊन निघतो. तीस-चाळीस कपडे असे बघितलेत की पुढे नुसत्या बोटांना कळायला लागतं. माझ्याकडे एक मावशी आहेत, त्यांची आई भांड्यांवर कपडे घ्यायची, बोहारणीचं घर, त्या कापड कानाजवळ नेऊन चुरतात आणि सांगतात यात नायलॉन आहे. मी लॅबमध्ये तपासून आणलंय, अजून तरी चुकलेल्या नाहीत. आता हातात धरायचे स्कॅनर पण आलेत, इन्फ्रारेडने ओळखतात, पण काळं कापड आलं की ते गडबडतात, कारण काळा रंग सगळा प्रकाश पिऊन टाकतो. मावशींना काळ्याने फरक पडत नाही.

टेरीकॉट आणि लायक्रा, हे दोन आमचे शत्रू. शाळेचे युनिफॉर्म, ऑफिसच्या पँटी, बेडशीटं, सगळं मिक्स. आणि जीन्स, जी एके काळी निव्वळ सुती असायची, तिच्यात आता ताणली जावी म्हणून एक-दोन टक्के लायक्रा असतो, ऐकायला काहीच नाही पण ते रबरासारखं रोलरला गुंडाळतं, गरम होतं, मशीन बंद करून सुरीने खरवडावं लागतं. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडून मी कतरण घेतो तेव्हा पहिलं काम म्हणजे दोन हातांनी ताणून बघणं. ताणलं आणि परत जागेवर आलं की वेगळा ढीग, वेगळा भाव, कधी कधी भावच नाही.

पॉलिएस्टरचं विचारलंय. दुकानात जो रिसायकल्ड पॉलिएस्टरचा टी-शर्ट मिळतो ना, तो जुन्या टी-शर्टपासून नाही, जवळजवळ सगळाच पाण्याच्या बाटल्यांपासून बनतो. बाटली सगळी एकाच प्लास्टिकची, पारदर्शक, धुतली, चुरा केला, वितळवलं आणि तार काढली की झालं. जुन्या ड्रेसमध्ये रंग, शिवणीचा दोरा, टिकल्या, लायक्रा, फिनिशिंगचं केमिकल, हे सगळं एकत्र वितळवून तार ओढली तर तुटते. त्यासाठी पॉलिएस्टर केमिकलने पार मुळापर्यंत मोडून, म्हणजे ज्या रसायनांपासून ते बनलं तिथपर्यंत मागे नेऊन परत बनवावं लागतं. होतं ते, पण ते कारखान्यांचं काम, सोसायटीचं सोडा, माझंही नाही.

सुतीच्या बाबतीत पण केमिकलचा रस्ता आहे आणि तो मला जास्त आवडतो. कापूस म्हणजे सेल्युलोज, लाकडाच्या लगद्यातही तेच असतं. तर जुनी सुती कापडं विरघळवून लगदा करायचा आणि त्याचा व्हिस्कोस किंवा लायोसेल नावाचा नवा तंतू काढायचा, तंतू कितीही तुटलेला असो, इथे तो नव्याने लांब निघतो, म्हणजे मी वर ज्या आखूडपणाचं रडगाणं गायलं ते मिटतं. स्वीडनमध्ये रीन्यूसेल नावाच्या कंपनीने सुंड्सवालला याचा मोठा कारखाना काढला, २०२२ मध्ये सुरू झाला, सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी दुसऱ्यांनी विकत घेतली, आता सर्क्युलोज नावाने आहे. लगदा होत नव्हता म्हणून नाही बुडाली, लगदा निघत होता पण घेणारे पुरेसे नव्हते, मोठ्या ब्रँडनी फोटो काढले आणि ऑर्डरी द्यायला वेळ लावला. आणि युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक झालंय, म्हणजे गोळा होणार भरपूर, पुढे कुठे न्यायचं याचा घोळ त्यांचाही आहेच. तुमच्या क्लब हाऊसच्या मागच्या खोलीसारखाच.

तर मग करायचं काय. एक मोठं टेबल घ्या, उंचीचं, वाकून काम करायला लागलं की आठवड्यात सगळ्यांच्या कमरा धरतात. वर चांगला पांढरा लाइट. दोन शिवणाची मशीनं, कात्र्या चांगल्या, वजनकाटा, आणि दहा-बारा गोण्या. नऊ लाखांतले फार तर एक लाख जातील. घालण्याजोगं वेगळं काढा, पण ते धुऊन, चेन-बटण दुरुस्त करून, मापाप्रमाणे गठ्ठे बांधून द्या, गूंजसारख्या संस्था १९९९ पासून हे काम करतायत, त्यांना कपडे हवेच असतात, पण फाटकी बनियन आणि एका पायातला मोजा पाठवून दान केल्याचं समाधान घेऊ नका, तो कचरा फक्त तुमच्या दारातून त्यांच्या दारात जातो.

सुती होजिअरी, म्हणजे टी-शर्ट, बनियन, आणि त्याबरोबर जुनी मऊ पायजमा-चादरी, हे तुमचं सोनं आहे. शिवणी काढून हातरुमालापेक्षा थोडे मोठे चौकोन कापा, बटण-इलॅस्टिक काही नको, पांढरं आणि रंगीत वेगळं. गॅरेज, प्रिंटिंग प्रेस, आमच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या आणि तुमच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपना पुसायला हे रोज लागतं, किलोवर घेतात. पांढऱ्याचा भाव रंगीतपेक्षा नेहमी वरचा, कारण त्यावर कुठलं तेल, कुठली घाण लागली ते दिसतं, आणि रंग उतरून त्यांच्या मालाला लागत नाही. यात एक जरी पॉलिएस्टरचं फडकं गेलं तर ते नीट पुसत नाही, नुसतं पसरवतं, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. एका प्रेसवाल्याने माझी अख्खी गोणी परत पाठवली होती तीन फडक्यांवरून, आणि बरोबर होता तो. अगदी स्वच्छ, निव्वळ सुती होजिअरी कतरण हातकागदवाल्यांनाही चालते, पुण्याची हातकागद संस्था कापडाच्या लगद्यापासूनच कागद करते, पण त्यांना शिलाईच्या कारखान्याची कतरण सोपी जाते, घरातलं मिसळलेलं कमी.

टेरीकॉट आणि पॉलिएस्टरचं जे शिवता येईल ते शिवा, भाजीच्या पिशव्या, भांड्यांची कव्हरं, पावसाळ्यात टिकतात पण चांगल्या. जे शिवता येणार नाही ते गोण्यांत भरून छाटणीवाल्याला द्या, त्याचा फेल्ट होतो, सुया टोचून दाबलेला, गाद्यांच्या आत, गाड्यांच्या पत्र्यामागे, सोफ्यात. पैसे नगण्य मिळतील, पण निदान जाळलं जाणार नाही.

एक गोष्ट कायम विसरली जाते, आपली हवा. सुती कापड सामान्य हवेतसुद्धा वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ठाणे-नवी मुंबईच्या जुलैमध्ये तर विचारूच नका. घेणारा ओलाव्याचं वजन कापतोच, आणि गोणी बांधून ठेवलीत तर दहा दिवसात बुरशी, मग तो वास कशानेच जात नाही. म्हणून जूनच्या आधी खोली रिकामी करा आणि पावसाळ्यात गोळा करणं बंद ठेवा, लोक नाराज झाले तरी चालेल. गोणी जमिनीवर नको, लाकडी फळीवर.

तुमच्यातल्या कुणीतरी एकदा बेलापूरला पण जाऊन या, नवी मुंबई महापालिकेने तिथे फक्त कापडाच्या कचऱ्यासाठी केंद्र काढलंय, सोसायट्यांमध्ये वेगळे डबे ठेवून तिथे आणतात आणि बायकाच छाटणी आणि शिवणकाम करतात. मशीन बघायला नका जाऊ, ढीग कसे पाडलेत ते बघा. एक वर्ष टेबलावर काम केलंत, महिन्याला एकाच जातीचा, एकाच रंगाचा माल टनाच्या हिशोबाने निघायला लागला, तर मग पानिपतचा व्यापारी स्वतः फोन करेल, तेव्हा मशीनचं बोलू. बहुतेक तेव्हा तुम्हालाच ते नको असेल.

राहिले शालू. फाडू नका आणि भांड्यांवरही देऊ नका. आजीच्या काळातले असतील तर जरतार खरी असण्याची शक्यता आहे, म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा, जुनी जर घेणारे लोक शालू जाळून त्यातली चांदी काढतात आणि म्हणूनच दारावर येणारी बोहारीण आधी पदर उलटून बघते. हल्लीच्या साड्यांत बहुतेक प्लास्टिकची नाहीतर तांब्यावरची जर, तिला काही नाही. पदराच्या मागच्या बाजूने जरीचा एक सुटा दोरा काढून जाळा, खरी असेल तर आतलं रेशीम केस जळल्याच्या वासाने जाईल आणि तार तशीच राहील, प्लास्टिक असेल तर गोळा होईल. तार राहिली तर सराफाकडे नेऊन दाखवा, पण विकायची घाई नको. रेशीम घडीवर चिरलंय का ते उजेडात धरून बघा, चिरलं नसेल तर घडी बदलून मलमलच्या कापडात ठेवा, चिरलं असेल तर काठ आणि पदर अलगद उसवून नव्या रेशमावर लावता येतात, हे करणारे कारागीर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला विचारलंत तर सापडतील.